दाजींचा रजेचा अर्ज

आमच्या दाजींइतका रागीट माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा नाही, आणि हे मी परभणीचा मे महिना जमेस धरून सांगतो आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे, यजमान. परभणीतल्या एका सरकारी कचेरीत ते लिपिक आहेत. अक्का नर्स आहे, तिची नेमणूक पालमच्या बाजूला. ती सकाळी एसटीनं जाते आणि दिवेलागणीला परत येते, त्यामुळे स्वयंपाक, धुणं आणि लेकीची शाळा हे दाजींच्या वाट्याला आलं. त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही. विशेष वाटतं ते लोकांना, आणि नेमका त्याचाच त्यांना संताप येतो. शेजारच्या काकू एकदा कौतुकानं म्हणाल्या, "नशीबवान हाय हो तुमची बायको." दाजी हातातलं भाकरीचं पीठ तसंच ठेवून दारात आले. "काकू, बारा वर्षं तीच भाकऱ्या करायची. तवा मला नशीबवान म्हणायला कामून आल्या न्हाईत?" काकू चार दिवस त्या बाजूला फिरकल्या नाहीत.

त्यांचा राग माणसापुरता नसतो. कपडे धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत बाई हसत हसत शर्टाची कॉलर घासायला लागली की ते टीव्हीशी भांडतात. शिट्टी न झालेल्या कुकरला ते कामचुकार म्हणतात. लेकीच्या शाळेतून 'माता पालक मेळाव्या'ची चिठ्ठी आली तेव्हा दाजी चाळीस बायकांच्या मधोमध मांडी घालून बसले. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "आईला पाठवा ना." दाजी म्हणाले, "आई पालमला लेकरायला लशी द्यायलीय. हिचा डबा मी भरतो, हिची वेणी मी घालतो. काय सांगायचं ते मला सांगा." शेवटी प्रत्येक मातेला प्लास्टिकचा एकेक डबा भेट होता. दाजी रांगेत उभे राहिले. वाटणाऱ्या बाईंचा हात जरा अडखळला, तेव्हा ते म्हणाले, "मी बी दोन तास बसलोय." तो निळा डबा अजून त्यांच्या स्वयंपाकघरात आहे, त्यात ते मोहरी ठेवतात.

मी प्राध्यापक. माझ्या पीएचडीचा विषय होता नोकरदार महिलांचं घर आणि काम यांतलं संतुलन. हा विषय मी का घेतला याचं खरं उत्तर असं, की मार्गदर्शकांनी दिला. माझी बायको बँकेत नोकरी करते, घरी येऊन स्वयंपाक करते, आणि त्या काळात जेवणानंतर माझ्या प्रश्नावल्यांची माहिती संगणकात भरायला बसायची. मी महिलांवरच्या ताणाविषयी टिपणं काढत असायचो. मला त्यात काही खटकत नव्हतं, याची आज लाज वाटते. दाजींना मात्र पहिल्याच दिवशी खटकलं. बायको चहा टाकायला उठली, तर ते म्हणाले, "वैनी, तुमी बसा. चहा हा करीन, ह्याचा विषयच हाय तो." मी चहा केला. साखर विसरलो, त्यावरूनही बोलणी खाल्ली.

मग त्यांनी माझी प्रश्नावली मागून घेतली आणि लाल पेन काढलं. त्यात एक प्रश्न होता: घरकामात पतीचे सहकार्य मिळते का? होय, काही प्रमाणात, नाही. दाजींचं पेन 'सहकार्य' या शब्दावर थांबलं. "सहकार्य म्हंजे? घर तिचं, आन् आपण मदतीला आलेले पाव्हणे हाव काय? कचेरीत मी मपलं टेबल आवरलं तर साहेबाला सहकार्य केलं म्हणतो का मी?" मी म्हणालो, दाजी, हा मान्यताप्राप्त शब्द आहे. "कुनी मान्य केला?" त्यांनी विचारलं. 

त्याच वर्षी त्यांच्या कचेरीत महिला दिन साजरा झाला, आणि 'कर्मचारी कल्याण आणि ताणमुक्त जीवन' या विषयावर बोलायला मला बोलावलं होतं. कचेरीतल्या बायका सकाळी तासभर आधी येऊन रांगोळी काढून बसलेल्या, पोहे त्यांनीच केलेले, साड्या एका रंगाच्या हव्यात असा साहेबांचा तोंडी हुकूम. माझं भाषण पाच वाजता सुरू व्हायचं ते साहेबांच्या प्रास्ताविकामुळे पावणेसहाला सुरू झालं. मी श्वास कसा घ्यावा, मन कसं रिकामं करावं हे सांगत होतो आणि समोरच्या बायका मनगटावरचं घड्याळ पदराआड धरून बघत होत्या. सव्वासहाला दाजी मागच्या ओळीतून उठले. "साहेब, हापीस सुटलं. ह्या बाईला पिंगळीला जायचंय, तिचं लेकरू शेजाऱ्याकडं हाय. ह्या बाईची गाडी आता निघायलीय. आन् आमचे मेव्हणे ह्या बायांना श्वास घ्यायला शिकवू लागलेत. तुमी जाऊ द्या, त्या घरी जाऊन घेतील श्वास." साहेबांचा चेहरा उतरला, बायका उठल्या. मी माईक हातात धरून उभा. त्या वर्षी साहेबांनी दाजींच्या गोपनीय अहवालात 'वर्तन सुधारण्यास वाव' असं लिहिलं. दाजींनी त्यावर लेखी खुलासा दिला, चार पानांचा.

इथपर्यंतचं सगळं मी घरोघरी रंगवून सांगत असे आणि लोक हसत. पुढचं सांगताना माझंच हसू जातं.

माझ्या भाचीच्या उजव्या पायावर शस्त्रक्रिया झाली. पोर नऊ वर्षांची. डॉक्टरांनी सांगितलं की दोन-अडीच महिने सकाळ-संध्याकाळ व्यायाम चुकला तर पाय कायमचा आखडेल. अक्काची त्या वर्षाची बालसंगोपन रजा दवाखान्यातच संपली होती. मग दाजींनी त्याच रजेचा अर्ज केला. आठ दिवसांनी उत्तर आलं. अशी रजा पुरुषाला मिळते, पण बायको वारलेली असली किंवा अंथरुणाला खिळलेली असली तरच. दाजींनी बैठकीच्या खोलीत उभं राहून ते पत्र मोठ्यानं वाचलं: "आपली पत्नी हयात असून अंथरुणास खिळून नसल्याने आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे." अक्का तेवढ्यात एसटीतून उतरून आलेली, पर्स खांद्यालाच. ती म्हणाली, "माफ करा बरं, मी जिवंत हाय." मी हसलो. दाजी हसले नाहीत. त्यांनी पत्राची नीट घडी घातली आणि ते खिशात ठेवलं. मला त्या वाक्याचा आजही संताप येतो. बाप होण्यासाठी आधी विधुर व्हावं लागतं, हे कुणीतरी खुर्चीत बसून, चहा पीत, शुद्ध मराठीत लिहून ठेवलं आहे आणि एकाही माणसाला त्यात वावगं दिसलेलं नाही.

दाजी बिनपगारी रजेवर गेले. कचेरीतले दोघे समाचाराला आले आणि "बायकोची बदली करून घ्यायची ना राव, तुमी कशाला घरी बसायलात" असं सांगून, दाजींच्या हातचा चहा पिऊन गेले. त्यांच्यावर दाजी जे ओरडले ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आलं. पोरीवर मात्र ते कधी ओरडले नाहीत. व्यायाम करताना ती रडायला लागली की ते तिच्या पायावर रागवत. "ए पाया, लय लाड झाले तुपले. सरळ हो. माझ्या लेकीला रडवायलास तू." पोर रडता रडता हसायची, तेवढ्यात ते गुडघा आणखी थोडा वाकवून घ्यायचे. मी दारात उभा राहून हे कितीदा तरी पाहिलं आहे.

त्याच दिवसांत त्यांनी मला म्हटलं, "तुझा फॉर्म दे. मी भरतो. ह्यो पाय, ती रजा, समदं तुझ्या अभ्यासात येऊ दे. सरकारनं न्हाई लिहून घेतलं, तू तरी घे." पोर दुपारी झोपली की ते लिहायला बसत. 'पतीचे' खोडून 'पत्नीचे' केलं. चौकटी पुरल्या नाहीत म्हणून समासात लिहिलं, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, पुरवणी जोडली. इतका खरा फॉर्म मला दुसऱ्या कुणी भरून दिला नाही. मी तो मार्गदर्शकांकडे नेला. त्यांनी वरचं पान पाहिलं. "नमुना महिलांचा आहे. हा बाजूला काढा." मी म्हणायला हवं होतं की सर, मग आपण निम्मंच घर तपासतो आहोत. मला ते सुचलं नव्हतं असंही नाही. पण मला पदवी हवी होती, आणि सरांना उलट बोलून ती लांबली असती. मी फॉर्म बाजूला काढला. दाजींनी विचारलं तेव्हा सांगितलं, "घेतलाय." ते ओरडतील याची भीती वाटली, एवढंच त्याचं कारण.

प्रबंध बांधून आला. दाजींनी पेढे वाटले आणि एक प्रत वाचायला नेली. मला वाटलं, चाळतील आणि ठेवतील. त्यांनी पहिल्या पानापासून वाचला, रोज भाकऱ्या झाल्यावर थोडा थोडा, तक्त्यांसकट. अक्कानं मला नंतर सांगितलं, शेवटच्या पानावर पोचल्यावर ते पुन्हा मागं गेले आणि प्रत्येक प्रकरण बोट फिरवून पाहिलं. त्यांना ते स्वतः सापडले असतील ते फक्त ऋणनिर्देशात: 'माझे दाजी, ज्यांनी वेळोवेळी प्रोत्साहन दिले.' त्याच्या वरच्याच ओळीत मी पत्नीच्या सहकार्याबद्दल आभार मानलेले. आठ दिवसांनी ते प्रत परत द्यायला आले. मी बोलणी खायला तयार होऊन बसलो होतो. "बांधणी चांगली झालीय," ते म्हणाले, आणि पोरीला शाळेतून आणायचं आहे म्हणून निघून गेले.

भाची आता धावते. थोडी लंगडते, पण धावते. दाजी अजून कुकरवर रागवतात, साहेबांवर रागवतात, रजेसाठी दरवर्षी नवा अर्ज करतात आणि नकाराचं पत्र आलं की सगळी कचेरी डोक्यावर घेतात. माझ्यावर ते रागवत नाहीत. गेल्या रविवारी ते घरी आले होते तेव्हा मी मुद्दाम खुर्चीत बसून राहिलो आणि आत आवाज दिला, "अगं, जरा पाणी आण." बायको नुकतीच बाजारातून आली होती. मी दाजींच्या तोंडाकडे पाहत होतो. ते उठले, बायकोला बसायला खुर्ची दिली, आत गेले, तांब्या-पेला आणून माझ्यापुढं ठेवला आणि विचारलं, "कॉलेज कसं चाललंय?"

मी म्हणालो, बरं चाललंय.