नॉर्मंड लाफेरिएरचे अकरा जोड

नॉर्मंड लाफेरिएरने आयुष्यात कधी नवा स्पीकर विकत घेतला नाही. लोकांनी टाकलेले, चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत कुणी न उचललेले, कुणाचे वडील गेल्यावर गॅरेजमध्ये उरलेले, असलेच तो घरी आणायचा. अमेरिकेतल्या आमच्या वूनसॉकेट गावात जुना स्टिरिओ टाकायचा असला की लोक आधी त्याला फोन करायचे.

वीसेक वर्षांत वूफरभोवतीची फोमची कड सडते, बोट लावलं की भुगा होतो. ती खरवडून नवी चिकटवणं कुणालाही जमेल. नॉर्मंड तिथे थांबायचा नाही. खोक्याच्या पोटात आडवी लाकडं बसवून त्याची थरथर मारायचा, आत लोकर भरायचा, सुकलेले कपॅसिटर काढून नवे लावायचा. जाड आवाज वूफरला आणि बारीक आवाज ट्वीटरला वाटून देणारी एक पट्टी आत असते. तिच्यावरचा एखादा रेझिस्टर बदलायचा, ऐकायचा, पुन्हा बदलायचा. एकेका जोडावर महिनेच्या महिने जायचे.

आम्ही दोघं केबलच्या कारखान्यात होतो. तो यंत्रांवर, मी माल पाठवणीत, भिंतीच्या अलीकडे. त्या काळी यंत्रांवर कुणी कानात बोळे घातले की बाकीचे त्याची टर उडवायचे. नॉर्मंडने एकतीस वर्षांत ते कधी घातले नाहीत.

निवृत्तीनंतर दर शनिवारी दुपारी मी त्याच्या तळघरात ऐकायला जायचो. त्याची बायको पॉलीन वरून तिखट खिमा भरलेले पाव आणून द्यायची.

"बोल लिओ, कसा वाटतोय?"

"छान."

"छान म्हणजे काय? छान तर पॉलीनचा पावही आहे."

"मग पावासारखा छान."

"चाळीस वर्षं खोकी बांधलीस, दुसरं काय बोलणार तू," असं म्हणून तो पुन्हा पट्टीवर वाकायचा.

गेली दोन वर्षं मात्र त्याचे स्पीकर मला टोचायला लागले होते. बाईचा आवाज लागला की प्रत्येक 'स' दातावर आल्यासारखा वाटायचा. नॉर्मंडचं म्हणणं उलटं. "हल्लीच्या मालात जान नाही. सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं," म्हणायचा आणि बारीक आवाज आणखी चढावा म्हणून ट्वीटरच्या वाटेवरचा रेझिस्टर आणखी कमी करायचा. मी तरी 'छान'च म्हणायचो. त्याला कळत नाही आणि मला कळतं, हे मानायला माझंच मन तयार नव्हतं.

मग पाशेकोबाईंचा जोड आला. डोलोरेस पाशेको, शाळेत संगीत शिकवतात. स्पीकर त्यांच्या वडलांचे. नॉर्मंड त्यावर चार महिने बसला, खोक्यांना अक्रोडाच्या लाकडाचा नवा पापुद्राही चढवला. बाई घेऊन गेल्या आणि आठवड्याने माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"मिस्टर टेट्रो, तुम्ही त्यांचे मित्र म्हणून आले. मला ते ऐकवत नाहीत हो. दहा मिनिटांत डोकं धरतं."

"त्यांना सांगितलंत?"

"कसं सांगू? तान्हं मूल असावं तसे जपून गाडीत ठेवून दिले त्यांनी. तुम्ही बघा ना काही."

मी पॉलीनकडे गेलो. ती भांडी पुसत होती. माझं ऐकून घेतलं तरी तिचा हात थांबला नाही.

"चहाची किटली शिटी मारते आणि हा तिच्या शेजारीच पेपर वाचत बसतो. वर्ष झालं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास? दर शनिवारी तर खाली असतोस."

दोघांनी ठरवलं, योग्य वेळ बघून सांगू. ती वेळ आम्ही काही शोधली नाही.

वसंतात पाशेकोबाईंनी विद्यार्थ्यांच्या पालकांना घरी बोलावलं, नॉर्मंडलाही. तो कोट घालून गेला. स्पीकरची जाळी जरा तिरकी बसली होती म्हणून सरळ करायला गेला, तर ती हातात आली. आत ट्वीटरवर लोकरीचा मोजा दुमडून चिकटपट्टीने लावलेला. दुसऱ्यावरही तसाच. बाई काहीतरी बोलायला लागल्या. त्याने जाळी परत बसवली, केक खाल्ला आणि घरी आला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बोलावलं. कुठलंही गाणं लावलेलं नव्हतं.

"खरं सांग लिओ. टोचतात?"

"टोचतात."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने एक कागद घेतला आणि दोन वर्षांत कुणाकुणाला काय दिलं ते आठवून लिहिलं. अकरा जोड. मग एकेकाला फोन लावत बसला. कुणी म्हणालं, मस्त वाजतात, कशाला परत आणायचे. एकाने कधीच भाच्याला देऊन टाकले होते. एक बाई म्हणाली, खरं सांगू का, आम्ही ते लावतच नाही, वर झाडाच्या कुंड्या ठेवल्यात. तीनच जोड परत आले, त्यांत पाशेकोबाईंचा.

पॉलीनने त्याला कान तपासायला नेलं. तिथल्या मुलीने आलेख दाखवला. रेघ थोडी सरळ जाते आणि मग कड्यावरून पडल्यासारखी खाली. "इथून पुढचे बारीक आवाज तुम्हाला ऐकूच येत नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही कशात काम करायचात?" कानातलं यंत्र मिळालं. बोलणं त्यातून बरं कळायला लागलं. गाणं मात्र पत्र्याच्या डब्यात वाजतंय असं तो म्हणायचा. आठवड्यात ते काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

पाशेकोबाईंचा जोड तरी नीट करायचा असं त्याने ठरवलं. हात त्याचे, कान माझे. त्याने एक रेझिस्टर जोडला आणि माझ्याकडे बघितलं.

"आता?"

"जरा मऊ झाला."

"मऊ म्हणजे कुठे? बाईच्या आवाजात की झांजेत?"

"दोन्हीकडे... बहुतेक झांजेत."

"बहुतेक नको, लिओ."

त्याने वाढवला. मी म्हणालो, आता मेलेला वाटतो. त्याने कमी केला. मी म्हणालो, मघाचा बरा होता. कुठला मघाचा, त्याने विचारलं, आणि मला सांगता येईना. पाच शनिवार असे गेले. मला ऐकू येत होतं, पण त्याला हवे असलेले शब्द माझ्यापाशी नव्हते. शब्द सगळे त्याच्यापाशी होते. सहाव्या शनिवारी त्याने एक रेझिस्टर लावला, काढला आणि पुन्हा तोच लावला. मी म्हणालो, "हाच. बरोब्बर." तो बरोबर होता की नाही, मला आजही माहीत नाही.

बाई म्हणाल्या, आता फार गोड वाजतात. त्याने मान हलवली. त्यांचं खरं मानायचं की नाही, हे ठरवायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

मागच्या महिन्यात समोरच्या फुटपाथवर कुणीतरी एक जोड टाकला होता, चांगल्या घराण्यातला. आम्ही दोघांनी तो उचलून तळघरात नेला. नॉर्मंडने नव्या कडा चिकटवल्या, वूफरचा कागदी कोन बोटाने दाबून सरळ आत-बाहेर होतो का बघितलं. मग मागचं झाकण काढून बराच वेळ पट्टीकडे बघत राहिला. हात लावला नाही. झाकण लावलं. कागदावर 'चालू आहेत' असं लिहून खोक्याला चिकटवलं.

आम्ही ते पुन्हा फुटपाथवर नेऊन ठेवले. जेवायच्या वेळेपर्यंत कुणीतरी नेले होते.