डावा हात

लिहिण्याचा आणि माझा संबंध चौथीत सुटला. पण आमचे पाळक म्हणाले, "काका, त्या रविवारी जे बोललात ते लिहून काढा." मी म्हणालो, "त्यातलं निम्मं चूक निघालं की." ते म्हणाले, "मग चुकीसकट लिहा." तसं लिहितोय.

आमचं गाव वेल्ह्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. मागल्या वर्षी आवण उरकली, भाताची रोपं चिखलात उभी राहिली, आणि आमची मंडळी गेली. मंडळी म्हणजे बायको. हे फोडून सांगतो, कारण ख्रिस्ती लोकांत देवाच्या नावानं जमणाऱ्या माणसांना बी मंडळीच म्हणतात. पहिल्यांदा पाळक भेटले तेव्हा त्यांनी विचारलं, "काका, तुमची मंडळी कुठली?" मी म्हणालो, "कामथडीची. तिचं माहेर हाय तिथं." ही पदर तोंडाला लावून हसत सुटली. पुढं कितीतरी वर्षं, मी हट्टाला पेटलो की म्हणायची, "कामथडीच्या मंडळीचं ऐकणार का न्हाई?"

ती गेली आणि पत्र्याच्या शेडात जमणारी ती दुसरी मंडळी बी मी सोडली. देवावर राग होता असं नाही. बसवतच नव्हतं. घरात बसवेना, बांधावर बसवेना. सकाळची एसटी धरायची, भोरला उतरायचं, स्टँडवर चहा प्यायचा आणि परतीच्या गाडीत बसायचं. एक दिवस कंडक्टर म्हणाला, "आजोबा, भोरात रोज काम तरी काय असतं तुमचं?"

"काम घरी हाय," म्हणालो, "ते टाळाया येतो."

हसला तो. मी खरं तेच बोललो होतो.

काम होतं साक्ष देण्याचं. आमच्यात रविवारी एकेकजण उठून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतो, त्याला साक्ष म्हणतात. दवाखान्यात, जायच्या आदल्या दिवशी, ही म्हणाली, "आता साक्ष तुमी द्या." मी म्हणालो, "तुझी मला पाठ हाय. देतो." तिनं मान हलवली. "माझी न्हाई. तुमची." पुढं दम लागला आणि बोलणं बंद झालं ते झालंच.

तिची साक्ष पंचवीस वर्षं एकच होती. विहिरीवर पाय घसरला, हात मोडला. दवाखान्यात एक सिस्टर भेटली, तिनं प्लास्टरवर हात ठेवून प्रार्थना केली, तिथं मला देव भेटला, आणि त्या देवानं आमच्या मालकांची दारू सोडवली. लोकांना तोंडपाठ झालेलं. हिनं नुसतं "विहिरीवर" म्हणायचा अवकाश, पुढच्या बायका "पाय घसरला" म्हणून टाकायच्या. मी मागं, चपलांच्या ढिगाजवळ बसून जमिनीकडं बघायचो.

ती विहिरीवर पडली नव्हती. तो हात मी मोडला होता.

पिऊन आलो होतो. भाकरी करपलेली होती, एवढं आठवतं. चुलीतलं लाकूड ओढलं आणि हाणलं. आमची एकुलती एक मुलगी तेव्हा दहा वर्षांची. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला विचारलं, काय झालं गं आईला? तिनं विहिरीचं सांगितलं. तसं सांगायला तिला मीच पढवलं होतं, वाटेत, टेम्पोच्या हौद्यात. आई कण्हत होती आणि मी पोरीकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेत होतो.

हाड बसलं ते तिरकं बसलं. मनगटाशी कायमचा उंचवटा राहिला. तोच हात ती माझ्या डोक्यावर ठेवून प्रार्थना करायची. मी झिडकारायचो. तीनदा दारू सोडली आणि तीनदा धरली. चौथ्यांदा तिनं हात ठेवला तेव्हा मला तो काढता आला नाही. का, ते विचारू नका. उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडलो, आणि त्या दिवसापासून थेंब घेतला नाही. मी मनाचा घट्ट म्हणून हे झालं असं कुणी म्हणालं तर त्यानं मला तेव्हा बघितलेलं नाही. गटारात पडलेला माणूस होतो मी. देवानं उचललं. हे मी कुठंही, कुणापुढंही सांगेन.

पाळक याला पुनर्स्थापना म्हणतात. मोडलेलं आयुष्य देव परत उभं करतो. मला तो शब्द काही कळेना. घरी येताना हीच म्हणाली, "आवं, नांगे भरणं. दुसरं काय?"

आवणीनंतर काही रोपं धरत नाहीत, कुजून जातात. तिथं मोकळं पडतं, तो नांगा. आठ-दहा दिवसांच्या आत, कोपऱ्यात राखलेली रोपं उपटून त्या जागी लावायची. ही दरवर्षी न चुकता कोपऱ्यात रोपं राखायची. आणि बांधावर उभा राहून मी म्हणायचो, "कुठं हायत गं नांगे? समदं हिरवं तर दिसतंय." ती चिखलातनं म्हणायची, "बांधावरनं समदंच हिरवं दिसतं. खाली उतरा, वाका, मग बोला."

मुलगी किकवीला दिली. लग्नानंतर एकदा आईबरोबर रविवारी आली होती. आईनं विहीर काढली तशी पोर उठून बाहेर गेली. प्रार्थना संपल्यावर आंब्याखाली दोघी उभ्या होत्या. मी चपला शोधत होतो, मला समदं ऐकू आलं.

"आई, देवाच्या घरात बी त्यांच्यासाठी खोटं बोलतीस?"

"खोटं न्हाई गं. झाकते."

"किती वरसं झाकणार?"

"झाकायचं तेवढं झाकून झालं की उघडीन."

त्यानंतर पोर त्या शेडात आली नाही, आणि मी असताना घरातही आली नाही. आधी फोन करायची, "आबा घरी हाईत का?" आई "न्हाई, वावरात गेल्यात" म्हणाली की स्कूटीवरनं यायची. मी संध्याकाळी आलो की अंगणात चाकाची रेघ दिसायची आणि मोरीत एक जास्तीचा कप. पंधरा वर्षं मी मुलीला अशी कपावरनं ओळखत होतो. आईच्या मातीला आली तेव्हा सरळ सांगितलं, "आईसाठी आले, आबा. तुमच्यासाठी न्हाई."

यंदा हिच्या वर्षाची प्रार्थना ठरली. पाळक म्हणाले, "काका, दोन शब्द बोला." आता पळायला जागा उरली नाही. भोरची एसटी सोडून मी किकवीची वाट धरली. हायवेला उतरून तिच्या घरापर्यंत चालत गेलो. ती दारात गवार निवडत होती. उठली नाही.

"काय काम काढलं?"

"रविवारी वर्षाची प्रार्थना हाय. ये."

"विहिरीवर पाय घसरला ते ऐकायला? मला पाठ हाय. तुमीच शिकवलंय."

"विहीर न्हाई. म्या बोलणार हाय."

ती हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. "तुमी? दारू पिल्याबिगर तुमाला बोलता येतं व्हय?"

पाणी मागितलं, तिनं दिलं. तांब्या खाली ठेवताना म्हणाली, "येते म्हणत न्हाई. न्हाई येत असं बी म्हणत न्हाई."

रविवारपर्यंत मला अन्न गेलं नाही. एक भीती होती: लोक म्हणतील, पंचवीस वर्षं ही बाई देवापुढं खोटं बोलत होती, मग तिचा देव तरी खरा कशावरून? तिची साक्ष मोडायची तर तिच्याच वर्षाच्या प्रार्थनेत मोडायची का? चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या. शेवटी म्हणालो, देवा, तू खरा असशील तर खऱ्यानं तुझं काय बिघडणार हाय?

शेड भरलं होतं. मुलगी आली होती, दाराशी उभी, हेल्मेट हातात. मी उठलो आणि एकदम सांगून टाकलं, थांबलो असतो तर राहून गेलं असतं.

"आमची मंडळी विहिरीवर पडली न्हवती. म्या पिऊन आलो व्हतो. भाकरी करपली म्हणून चुलीतलं लाकूड घेतलं आन तिच्या उजव्या हातावर हाणलं. हात म्या मोडला. तिनं झाकलं."

आणि दाराकडनं आवाज आला, "डावा."

समदी माणसं मागं वळली.

"डावा हात व्हता, आबा."

"उजवा," मी म्हणालो. अशा वेळेला बी माणसाला हुज्जत घालावी वाटते. "म्या समोरच व्हतो."

"समोर व्हता म्हणून तुमाला उजवा वाटला. उजवा पिठात व्हता तिचा. डावा माझ्या डोक्यावर व्हता." तिनं हेल्मेट पोटाशी धरलं. "भाकरी म्या करपवली व्हती. लाकूड माझ्यावर आलं. तिनं हात मधी घातला."

मला हे ठाऊक नव्हतं. तो हात डोक्यावर असायचा तेव्हा मी मान खाली घालून असायचो, कुठला ते कधी नीट बघितलंच नव्हतं. तीस वर्षं मी बायकोचा हात मोडला म्हणून जळत होतो, आणि लाकूड उगारलं होतं पोरीच्या डोक्यावर. हिनं ते लोकांपासून झाकलं होतं, तसं माझ्यापासून बी झाकलं होतं. माझ्या डोक्यावर तो तिरका हात ठेवून डोळे मिटायची तेव्हा तिच्या मनात काय येत असेल, ह्याचा विचार मी त्या क्षणापर्यंत एकदाही केला नव्हता.

"मग तुझी बी माफी..." म्हणालो आणि दाराकडं निघालो.

"बसा खाली," ती म्हणाली. "चपलांत पाय अडकलाय तुमचा. पडाल, आन विहिरीवर पडलो म्हणून सांगाल."

पुढच्या बाईला हसू फुटलं, मग ती रडली. पाळकांनी प्रार्थना सुरू केली, कशी केली मला सांगता येणार नाही, ऐकू आलं नाही.

बाहेर आल्यावर मुलगी आंब्याखाली उभी होती. मला वाटलं काही बोलेल. ती म्हणाली, "येताना खाचर बघितलं. वरच्या अंगाला किती नांगे पडल्यात! रोपं राखली का न्हाई?"

"राखल्यात. कोपऱ्यात." खरं सांगायचं तर का राखली ते मला ठाऊक नव्हतं. भरायची इच्छा नव्हती. हिची सवय म्हणून राखली होती.

जेवणाआधीच तिनं सलवार खोचली आणि उतरली. मी खालच्या अंगानं धरलं, तिनं वरच्या. पाठ माझ्याकडं. चांगलं कपडं चिखलात घातलं म्हणून मी एकदा ओरडलो, तिनं वळून बघितलं नाही. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी बी माफी परत मागितली नाही, नीट मागायला शब्द जुळवतोय. घराची पायरी न चढता, नळावर पाय धुऊन गेली.

उशिरा भरलेली रोपं उशिराच पिकतात, हे प्रत्येक भातवाल्याला ठाऊक असतं. बाकीचं पिवळं पडतं तरी ती हिरवी राहतात, त्यांच्यासाठी कापणी थांबवावी लागते. मी म्हातारा माणूस, मला किती थांबायला मिळेल? देवानं भरायला घेतलंय एवढं मला दिसतं. माझ्या हयातीत पुरं भरून होईल का, याची घालमेल सुटत नाही. झोपेतनं उठतो तो त्याच विचारानं.

आज सकाळी भोरची गाडी धरायला निघालो होतो. मोबाईल वाजला.

"आबा, घरी हाय का?"

पंधरा वर्षं ह्या प्रश्नाला आमच्या घरात एकच उत्तर होतं. तोंडावर तेच आलं, वावरात हाय म्हणावं, म्हणजे ती येईल.

"घरी हाय," म्हणालो. "हितंच हाय."

तिकडं स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला.

"मग येते," ती म्हणाली.

चहाचं आधण ठेवलंय. तेवढ्या वेळात लिहावं म्हणून बसलो, पण चारदा उठून रस्ता बघून आलो.