माळ्यावरचा कुकर

पेणला आमच्या घरी भांड्यांचे दोन वर्ग होते. रोजची भांडी ओट्यावर असत. माझ्या लग्नाची भांडी माळ्यावर, आपापल्या खोक्यांत, जुन्या चादरीखाली. रोजच्या कुकरचं हँडल तुटलेलं होतं. मम्मी तो फडक्याने धरून उतरवायची आणि प्रत्येक वेळी "आई गं" म्हणायची. तेव्हाही माळ्यावर तीन कोरे कुकर होते.

माझं लग्न ठरलेलं नव्हतं. कोणी बघायलाही आलं नव्हतं. मी शाळेत होते तेव्हापासून ही खरेदी चालू होती, आणि ती बहुतेक सेलमध्येच व्हायची. आमच्याकडे लग्नाचे मुहूर्त संपले की कार्यालयांचे हॉल रिकामे पडतात आणि त्यात सेल लागतात. नवरा-नवरी जिथे बसतात त्या स्टेजवर कढया, डिनर सेट आणि चादरींचे ढीग येतात. भोंगा लावलेली रिक्षा गावभर "शेवटचे दोनच दिवस" असं ओरडत फिरते, आणि पुढच्या आठवड्यातही तेच ओरडते. मम्मीला हे माहीत होतं. तरी ती पहिल्या दिवशीच जायची, मला पिशव्या धरायला घेऊन.

मी पिशव्या धरण्यापलीकडे काही करत नसे. दुकानात मला बोलताच येत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत तयार होतं, मग मी त्याचं मराठी करते, ते उद्धट वाटेल का हे तपासते. तोवर मम्मीने पैसे दिलेले असतात.

मग मला धाटावच्या एका कंपनीत, लॅबमध्ये नोकरी लागली. पेणहून रोज येऊन शिफ्ट सांभाळणं शक्य नव्हतं, म्हणून रोह्याला लागून वरसेला एक खोली घेतली. तिथे काय काय लागेल याचा मी खूप विचार केला आणि फार थोड्या गोष्टी निघाल्या. शेगडी, तवा, दोन पातेली, एक कुकर. मी मम्मीला म्हटलं, माळ्यावरचा एक कुकर नेते.

"तो लग्नाचा हाय," ती म्हणाली.

"पण मी राहायला आत्ता चाललेय."

"रूमवर राहणं म्हणजे काय संसार नाय. रूमसाठी आपण दुसरा घेऊ. हॉलमध्ये सेल लागलाय."

ते 'संसार नाय' मनातून जाईना. माझा पगार, माझी खोली, माझं रोजचं जेवण, यातलं काहीच तिच्या हिशेबात खरं नव्हतं. खरं ते पुढे कधीतरी सुरू होणार होतं, आणि तोवर चौथा कुकर.

दुसऱ्या दिवशी आम्ही हॉलमध्ये गेलो. शेजारच्या काकू आधीच तिथे होत्या, काखेत दोन उशा घेऊन.

"घे गो, कुकरवर कढई फुकट हाय," त्या मम्मीला म्हणाल्या. "पोरीची सासू काय रिकामा ओटा बघेल?"

"सासू कुठे सापडलीय अजून?" मम्मी हसली.

"सापडेल की. सेलमध्ये सगळंच मिळतं."

विकणारा माणूसही हसला. "मॅडम, हा पीस परत येणार नाय. शेवटचा हाय."

त्याच्या मागे तसल्याच खोक्यांची भिंत रचलेली होती. मी ती बघत होते. मम्मीने पर्स उघडली. या वेळी मी वाक्य तपासत बसले नाही.

"मम्मी, मला हा नको. मला आपला हवाय, माळ्यावरचा."

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. आजूबाजूच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. काकूंनी उशा सावरल्या.

"अगो बाय, हिला तोंड हाय!"

मम्मीने पर्स बंद केली. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा रिकाम्या पिशव्या घेऊन घरी आलो. वाटेत ती माझ्या पुढे पुढे चालत राहिली आणि मला वाटलं, मी तिला चारचौघांत दुखावलं.

घरी आल्यावर तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि चादर बाजूला केली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या रुखवताला मांडायला घरात काय नव्हतं. आईने शेजारपाजारचे टोप, हंडे आणून टेबल भरलं. संध्याकाळी ज्याचं त्याला परत. तुझ्या आत्यांनी नंतर विचारलं, ती भांडी कुठे गेली?"

मम्मीचं माहेर जिते गावाजवळचं, हे मला माहीत होतं. ही गोष्ट माहीत नव्हती. इतकी वर्षं ती कढया आणि डिनर सेट घेत नव्हतीच बहुधा. त्या एका प्रश्नाचं उत्तर जमवत होती, आणि ते कधी पुरेसं होत नव्हतं. हे कळल्यावर मी म्हणणार होते, राहू दे, नको मला. पण तोवर तिने खोकं खाली माझ्या हातात दिलं होतं.

"ने. पण नीट वापर."

वरसेच्या खोलीत मी पहिल्यांदा डाळ-भात लावला. वाफ झाकणाच्या चहूबाजूंनी येत राहिली, शिट्टी काही होईना. झाकण उघडून पाहिलं तर रबरी रिंग कडक होऊन तिला चिरा पडल्या होत्या. कुकर एकदाही शेगडीवर न चढता म्हातारा झाला होता. डाळ पातेल्यात शिजवली, कच्चट राहिली, तशीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मी झाकण पिशवीत घालून रोह्याच्या बाजारात गेले.

"रिंग कशाला घेता ताई?" दुकानदार म्हणाला. "एक्सचेंज ऑफर हाय. जुना द्या, नवा न्या, वर ग्लासचा सेट."

"जुना नाही. कालच पहिल्यांदा लावला."

त्याने झाकणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग तर नवीनच घ्या. ऑफर उद्या बंद."

"नको. फक्त रिंग द्या."

"ग्लास बघून तरी घ्या, बघायला पैसे नाय पडत."

"माझ्याकडे एक ग्लास आहे. मी एकटीच राहते."

हे मी अनोळखी माणसाला का सांगितलं, कोण जाणे. पण सांगताना लाज वाटली नाही. त्याने मान हलवत रिंग झाकणात बसवून दाखवली आणि परत काढून कागदात गुंडाळून दिली. पिशवीत तिचं वजनही जाणवत नव्हतं.

संध्याकाळी कुकर लावला आणि मम्मीचा फोन आला. बोलता बोलता शिट्टी झाली, तिनेही ऐकली.

"झाली वाटतं डाळ."

मी रिंगचं सांगितलं. सांगताना बिचकतच होते, की आता तिला वाईट वाटेल. मग पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज आला, पुठ्ठ्याचा आवाज आला. मी फोन कानाला लावून थांबले.

"इकडची पण कडक झालीय गो," ती म्हणाली. "शनिवारी येशील तेव्हा रिंग घेऊन ये."

माळ्यावर अजून दोन कुकर होते. मी विचारलं, "दोन आणू?"

"दोन कशाला? ओट्यावर एकच लागतो."

तुटक्या हँडलच्या कुकरचं काय करणार, ते मी विचारलं नाही.