पोहून आल्यावर फ्रॉक

उत्तर आइसलँडातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात दोन गोष्टी कोणी कोणाला शिकवत नाही. पोहण्याच्या गरम पाण्याच्या तलावात उतरण्याआधी साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची, ही एक. आणि संध्याकाळचा पोहण्याचा क्लास संपला की पोराला तिथेच, कपडे बदलायच्या खोलीत, नाइट ड्रेस चढवायचा, ही दुसरी. वरून बर्फातला जाड कोट, पायात लोकरी मोजे, डोक्यावर टोपी, आणि सरळ गाडीत. पोर पहिल्या वळणाला पेंगतं, दुसऱ्याला झोपतं. घरी उचलून पांघरुणात सरकवलं की आईबाप मोकळे. आमच्या पूर्वजांनी वल्ही मारत समुद्र ओलांडला याचं जगाला कोण कौतुक. पण आमच्या डोक्यातून निघालेली खरी अक्कलहुशारीची गोष्ट ही आहे.

ती मान्य नसलेली गावात एकच बाई होती. स्वानबोर्ग.

स्वानबोर्गचं वय अडुसष्ट. मासे गोठवण्याच्या कारखान्यात ती मुकादम होती, आणि कारखाना सोडून वर्षं झाली तरी मुकादमकी सुटली नव्हती. समोरच्याच्या बोलण्याआधी तिची नजर त्याच्या बटणांवर जायची. एखादं तुटलेलं असलं तर पुढचं बोलणं ती बटणाशीच करायची. नवरा होता तोवर त्या बिचाऱ्याला सकाळची कॉफी कॉलरवाला शर्ट घातल्याशिवाय मिळाली नाही. तो बोटीवर कप्तान होता, म्हणजे घराबाहेर.

एकदा पहाटे डोंगरावरून हिमकडा कोसळायची भीती म्हणून सगळं गाव घाईघाईने शाळेत हलवलं होतं. गाव आलं ते नाइट ड्रेसमध्ये, अंगावर चादरी ओढून, कोणी एका पायात बूट घालून. डॉक्टर तर गुलाबी गाऊनमध्ये आला, तोही बायकोचा. स्वानबोर्ग सर्वांत शेवटी आली. अंगात कोट, कोटाला चांदीची पिन, केस बांधलेले, ओठांना लिपस्टिक. हिमकडा काही कोसळला नाही. कोसळला असता तरी स्वानबोर्गने त्याला दारात थांबवून ठेवलं असतं, असं गाव अजून म्हणतं.

तर अशा बाईला नात झाली, इल्फा. पाच वर्षांची, दोन दात पडलेली, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. बाप ओर्री, स्वानबोर्गचा एकुलता एक मुलगा, आठवडेच्या आठवडे समुद्रावर. आई एदीस वृद्धाश्रमात नर्स, रोज पहाटे कामावर. दर मंगळवारी संध्याकाळी इल्फाला पोहायला नेऊन घरी आणून सोडायचं काम एदीसने सासूकडे दिलं होतं. बाकीच्या वारी इल्फा कोणाकोणात वाटलेली होती. बालवाडी, एदीसची आई वाल्दीस, शेजारीण. स्वानबोर्गच्या वाट्याला मंगळवार आला.

नवरा गेल्यापासून स्वानबोर्गच्या घरात बोलणारा एक रेडिओच होता, आणि तोही तिचं ऐकून घेत नसे. सोमवारपासून तिची तयारी चालायची. पण हे कोणी तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, "मला कुठे वेळ असतो! सुनेची अडचण म्हणून करते."

मंगळवारी क्लास संपला की कपडे बदलायच्या खोलीत पंधरा पोरी ओल्याचिंब, उकडलेल्या कोळंबीसारख्या लाल होऊन शिरायच्या. पंधरा आया टॉवेल घेऊन उभ्या. दहा मिनिटांत चौदा पोरी नाइट ड्रेसमध्ये. कोणाच्या छातीवर अस्वल, कोणाच्या पाठीवर चांदण्या. त्यातही गंमत अशी, की तलावावर आणायचे नाइट ड्रेस वेगळे, नवेकोरे. घरात झोपायचे वेगळे, गुडघ्यावर फाटलेले. पण हे सगळ्याच आया करतात, त्यामुळे कोणी कोणाकडे बघून हसत नाही.

पंधरावी पोर इल्फा. तिच्यासाठी पिशवीतून निघायचा इस्त्रीचा फ्रॉक, पाठीवर बटणांची लांबलचक रांग असलेला. आणि त्याच्याआधी कमरेपर्यंतचे लोकरी मोजे. दमट पायांवर लोकरी मोजे चढवणं ज्याने केलंय त्यालाच ते ठाऊक. मोजा घोट्यापाशी अडतो, गुडघ्यापाशी पिळा घेतो आणि मांडीपाशी संप करतो. स्वानबोर्ग ओढायची, इल्फा बाकावर आडवी पडून छताकडे बघत गोष्टी सांगायची.

खोलीची देखरेख करणारी मुंदा फरशी पुसता पुसता म्हणायची, "स्वानबोर्ग, राष्ट्राध्यक्षांकडे जेवायला जायचंय का हिला?"

"माणसांतून जायचंय," स्वानबोर्ग म्हणायची. "झोपायचे कपडे झोपायच्या खोलीत. रस्त्यात नाही."

"रस्त्यात अंधार आहे गं. बघतंय कोण?"

"मी बघते ना."

मुंदा आणि स्वानबोर्ग एका वर्गात होत्या, त्यामुळे एकमेकींना बोलण्याचा परवाना दोघींकडे होता. तसं आमच्याकडे कोणीच कोणाला अहो-जाहो करत नाही. सूनसुद्धा सासूला नावानेच हाक मारते, आणि सासू ऐकते.

मोजे, फ्रॉक, बटणं, दोन वेण्या, रिबिनी. हे होईपर्यंत खोली रिकामी झालेली असायची आणि इल्फाची झोप पार उडालेली. मग तिला सरळ घरी न नेता स्वानबोर्ग "दोन मिनिटं" आपल्या स्वयंपाकघरात न्यायची. साखर भुरभुरलेली पातळ गोड धिरडी, गरम कोको, आणि समोर टेबलावर कोपरं टेकून बसलेली नात.

"आजी, मी पोहत नाही," तिने एकदा सांगितलं. "मी हातांनी तळावर चालते. पाय फक्त वरती हलवते. सरांना वाटतं मी पोहते."

"मग सर काय म्हणाले?"

"म्हणाले, इल्फा, शाब्बास. तू कोणाला सांगू नको हं."

स्वानबोर्गने कोणाला सांगितलं नाही. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने ॲप्रनने पुसलं, कारण रुमाल इस्त्रीचा होता.

इकडे दोन मिनिटांचा तास व्हायचा. इल्फा घरी पोहोचायची ती टवटवीत, रिबिनीसकट. मग फ्रॉकची सगळी बटणं काढायची, मोजे सोलायचे, वेण्या सोडायच्या, आणि मग सुरू व्हायची ती बडबड. एदीसला पहाटे पाचला उठायचं असे. मंगळवारची रात्र तिला आठवड्यात सर्वांत लांब वाटायची.

एदीस मुळात शांत. तिने आधी सुचवून बघितलं. मग इल्फाचा नाइट ड्रेस घडी घालून सासूच्या पिशवीत वर ठेवून बघितला. तो तसाच घडीत परत आला, फक्त इस्त्री होऊन. मग फेब्रुवारीतल्या एका सोमवारी ती स्वतःच सासूच्या दारात आली. बूट काढले, कॉफी नको म्हणाली. आमच्याकडे कॉफी नको म्हणणं म्हणजे प्रकरण गंभीर.

"स्वानबोर्ग, उद्या तिला नाइट ड्रेस घालून आण. तलावावरून थेट घरी."

"पोरीला मी काही उघडी नाही आणत. चांगले कपडे घालून आणते."

"चांगले घालून आणतेस म्हणूनच म्हणते. ती साडेदहापर्यंत झोपत नाही. मी कामावर उभ्या उभ्या पेंगते. परवा एका आजोबांना दोनदा नाश्ता दिला."

"बिघडलं काय? पोटभर जेवले असतील."

एदीस हसली नाही. "आईला विचारलंय मी. ती मंगळवार घ्यायला तयार आहे. उद्या जमलं तर बघ, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून आई नेईल."

वाल्दीस. जिच्या स्वयंपाकघरात टेबलावर प्लास्टिक अंथरलेलं असतं आणि जी स्वतः दुपारी बाराला गाऊनमध्ये टपाल घ्यायला बाहेर येते. स्वानबोर्गच्या कपाळावर आठी चढली. एदीस गेल्यावर तिने इस्त्री तापवली, कारण तिला दुसरं काही सुचेना. फ्रॉक इस्त्री केला. तो इस्त्री केलेलाच होता.

मंगळवार जाणार या भीतीने तिला रात्रभर झोप लागली नाही. पण हे तिने कोणापाशी मान्य केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत मुंदा नेहमीच्या जागी उभी होती. स्वानबोर्गने पिशवी उघडली, आत हात घातला, थांबली, आणि निळा नाइट ड्रेस बाहेर काढला. त्यावर ढगांची चित्रं होती. खोलीतल्या तीनचार आया एकदम आपापल्या पोरींच्या केसांमध्ये गुंतल्यासारखं करू लागल्या.

"तब्येत बरी आहे ना?" मुंदाने विचारलं.

"फरशी पूस."

"नाही, म्हटलं ताप-बिप असेल तर..."

"मुंदा, तुझ्या ॲप्रनचं दुसरं बटण तुटलंय."

मुंदाने खाली बघितलं. तुटलं होतं. ती फरशी पुसू लागली.

नाइट ड्रेस चढायला एक मिनिटही लागलं नाही. डोकं आत, हात बाहेर, पाय आत, संपलं. स्वानबोर्ग उगाच बाकावर बसून राहिली. हातांना काही कामच उरलं नव्हतं. इल्फा छताकडे बघत एका गोष्टीच्या मध्यावर होती, तीही अर्धीच राहिली, कारण कोट, टोपी, मोजे, झालं, चला.

बाहेर अंधार, तलावावरची वाफ दिव्याभोवती पिवळी झालेली, गाडीच्या काचेवर बर्फ. इल्फा मागच्या सीटवर पट्ट्यात बसली. "आजी, आज ना..." ती म्हणाली, आणि पहिल्या वळणाला तिची मान खाली गेली. कारखान्यापाशीच्या दुसऱ्या वळणाला ती घोरत होती.

सगळं गाव जिचं कौतुक करतं ती युक्ती अशी बिनचूक चालली. स्वानबोर्गने आरशात बघितलं. टोपीखालून थोडं नाक दिसत होतं. आपल्या घराचा फाटा आला आणि गेला. स्वयंपाकघरातला दिवा तिने निघताना लावून ठेवला होता, तो रस्त्यावरून दिसला. धिरड्यांचं पीठही भिजवून ठेवलं होतं. कशासाठी, ते तिलाच ठाऊक.

मुलाच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा सात वाजले नव्हते. तिने इंजिन बंद केलं नाही. दार उघडलं नाही. नुसती बसून राहिली. इतकी वर्षं फ्रॉक, शिस्त, लोकांची नजर, झोपायचे कपडे झोपायच्या खोलीत, हे सगळं ती गावाला ऐकवत आली होती आणि स्वतःलाही. आता मागे पोर झोपलेली, आणि तिला तिच्या शिस्तीची काडीइतकीही आठवण येत नव्हती. तिला आठवत होतं ते टेबलावर टेकलेलं कोपर.

एदीस दार उघडून बाहेर आली, पायात ओर्रीचे मोठे बूट. तिने काचेतून मागे डोकावून बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला की जणू पगार वाढला.

"झोपली?"

"पहिल्या वळणाला."

"बघ! किती सोपं!"

"हो. फार सोपं."

एदीसने अलगद दार उघडून पोरीला उचललं. पोर खांद्यावर आडवी झाली, जागी झाली नाही. एदीस हळू आवाजात, पण मनापासून म्हणाली, "थँक्यू, स्वानबोर्ग. तुला जड गेलं असणार, माहीत आहे मला. मी आईला सांगते. मंगळवार तुझाच. कायमचा."

"वाल्दीसला देऊन टाक तो," स्वानबोर्ग म्हणाली.

एदीस उभी राहिली. सासू रागावली असावी असं वाटून तिने पुढची समजूत घालायला तोंड उघडलं. पण स्वानबोर्ग रागावलेली दिसत नव्हती. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती समोरच्या बर्फाकडे बघत होती.

"झोपलेली पोर उचलून आणायला मी कशाला हवी?" ती म्हणाली. "ते वाल्दीसही करील. टॅक्सीवालाही करील. मला दुसरी कुठलीही वेळ दे. अर्धा तास दे. पण ती जागी असेल अशी दे."

थंडी होती, पोर जड होती, तरी एदीस आत गेली नाही. मंगळवारच्या त्या सगळ्या लांबलचक रात्री, ते मोजे, त्या वेण्या, ती बडबड, यांचा हिशेब ती बहुधा पुन्हा मांडत होती. मग तिने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"रविवारी सहाला उठते ती," एदीस म्हणाली. "पहाटे सहाला. आणि उठल्या मिनिटापासून बोलते. त्या वेळी आमच्या घरात ती कोणालाच नको असते."

"पावणेसहाला येते."

"पण आधीच सांगते, आम्ही सगळे नाइट ड्रेसमध्ये असतो. ओर्री घरी असला तर तोही. आणि आमचे घरातले नाइट ड्रेस म्हणजे... तू बघूच नको."

"असू दे की," स्वानबोर्ग म्हणाली आणि गाडीचा गिअर टाकला. "मी काय तुमचे कपडे बघायला येते का?"