छत्रीच्या तोंडातली डबी

"गेलं! गेलं! परत गेलं!"

खालच्या खोलीतून भाई असा ओरडला की मुदखेड जंक्शनातल्या गार्डानं घाबरून हिरवा झेंडा खाली टाकला असेल. मी गच्चीवर, आमच्या केबलच्या मोठ्या छत्रीला मिठी मारून उभा.

"आता?"

"चौकोन!"

म्हणजे चित्राऐवजी पडद्यावर नुसते रंगीबेरंगी चौकोन.

आमच्या धंद्याची रीतच ही. एकानं वर छत्री फिरवायची, दुसऱ्यानं खाली टीव्हीसमोर बसून बोंब मारायची. सिग्नल मोजायचं यंत्र होतं, नाही असं नाही, पण भाईच्या गळ्यापुढं ते मुकंच. आम्ही दोघांनी मिळून गावात पहिली वायर ओढली तेव्हा आमच्या मिशा इतक्या काळ्या होत्या की उन्हाळ्यात म्हशी सावलीला येऊन बसत.

छत्री बिचारी निर्दोष होती. समोरच्या गच्चीवर फाइव्ह जीचा टॉवर उभा राहिला होता. उपग्रहाचा सिग्नल म्हणजे आभाळात मुंगी शिंकलेली, आणि टॉवर म्हणजे कानाशी वरातीचा डीजे. त्यात दोघांच्या लहरी शेजारशेजारच्या. छत्रीच्या तोंडाशी एलएनबी असते. सिग्नल उचलायचा, वाढवायचा आणि वायरीतून खाली धाडायचा, हे तिचं काम. डीजेनं तिचे कान बसले होते.

यावर औषध एकच, फिल्टर. हव्या त्या लहरी आत घ्यायच्या, बाकीच्यांना दारातून परत लावायचं.

फिल्टर यायच्या आधीच भाईनं सांगून ठेवलं होतं, "चित्र टिकलं तर मी इथंच मरतो. न्हाई टिकलं तर लेकीकडं लातूरला जातो. रोज बोलवून राहिली ती."

लातूरचं नाव घेताना त्याचं तोंड कारल्यासारखं व्हायचं. घरात लेकरू बारावीला गेलं की आधी केबल तोडणारं गाव ते! "आपलं दुश्मन शहर हाय ते, दोस्ता," म्हणायचा.

तर आम्ही फिल्टर मागवला, तो वायरीवर बसणारा, आणि खाली खोलीत बसवला. दोघांचं एकमत. आयुष्यभर जे काही बसवलं ते वायरीवरच बसवलं होतं. छत्रीचं तोंड उघडायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. वर बहिरी एलएनबी काहीच्या बाही निरोप धाडत होती, आणि आम्ही खाली बसून तो निरोप गाळत होतो. म्हणून ते चौकोन.

त्या दिवशी भाई गच्चीवर आला. ओरडला नाही. छत्रीवरून एकदा हात फिरवला, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"बस झालं, दोस्ता."

"भाई, अजून एकदा बघू की."

"किती बघतो? लोक कनेक्शन तोडून राहिले."

आणि गेला. एक पिशवी घेऊन. मी स्टेशनवर पोचवायलाही गेलो. फलाटावर मिशांच्या सावलीतल्या म्हशींची गोष्ट परत सांगितली. तो हसला नाही.

पुढं एका लग्नाला उमरीला गेलो. पंगतीत वऱ्हाडी ताटाकडं बघत होते, मी गच्च्यांकडं. तिथल्या केबलवाल्याच्या छत्रीच्या तोंडात, एलएनबीच्याही आधी, वीतभर धातूची डबी, म्हणजे फिल्टरच, बसवलेली दिसली. माझा घास तोंडात तसाच राहिला.

ती डबी कशी चालते ते मला माझ्या आजोळच्या विहिरीवरून कळलं. शिरूर अनंतपाळला ती विहीर फक्त माझ्या मामाला ओ द्यायची. बाकी कुणीही हाक मारो, पाण्यावर तरंगसुद्धा उठायचा नाही. खोटं वाटत असेल तर मामाला विचारा. तो आता हयात नाही, ही गोष्ट वेगळी. डबीतही ओळीनं अशाच चिमुकल्या विहिरी असतात, मापून घडवलेले पोकळ कप्पे. जिचा सूर कप्प्याशी जुळतो ती लहर एकातून दुसऱ्यात सरकत पलीकडं जाते. बाकीच्या आल्या पावली माघारी. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये याच कामाचे तांदळाएवढे फिल्टर ढिगानं असतात. आमची वाट लावणाऱ्या टॉवरच्या पोटातही असतात. एवढ्या ठिकाणी असलेली वस्तू आमच्याकडं तेवढी वेळेवर आली नाही.

मी डबी आणली. एलएनबी खोलली, मधे डबी कसली. मग सवयीनं ओरडलो, "आता?"

खालून कोण बोलणार!

जिना उतरलो. पडद्यावर निवेदिका हसत होती, अख्खी, एकही चौकोन नाही. भाईची खुर्ची तिच्यासमोर रिकामी. तिकडं न बघता मी फोन लावला आणि असा ओरडलो की फोन नसता तरी लातूरला ऐकू गेलं असतं.

"भाई! टिकलं! चित्र टिकलं! पहिल्या गाडीनं निघ! तुझ्या टीव्हीवर बातम्या लाव, मी इथं लावतो, बघ कुणाचं चित्र साफ हाय ते!"

पलीकडून कुजबुजल्यासारखा आवाज आला. आधी तो भाईचा आहे हेच मला ओळखू येईना.

"हळू बोल. नातीची बारावी हाय. घरात टीव्ही न्हाई."