पोरांच्या पाठीवरचं नाव

“ताट द्या इकडं, आजी. ओवाळायला सवाष्ण लागते.”

मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी असं म्हणून पाहुण्यांना ओवाळायचं ताट माझ्या हातातून काढून घेतलं. कोलकात्यात, बालीगंजच्या हॉलमध्ये. माझी खो-खोची पोरं समोर रांगेत बसलेली, त्यांच्यात माझी नात. बरं, नुसतं घेतलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. ताटात बघून म्हणतात, “आणि सुपारी कुठाय? औक्षणाला सुपारी लागते एवढंही कळत नाही? गलाईवाल्यांकडं रीतभात असते की नाही काही?”

मागं कुणीतरी हसलं.

रीत मला कळते हो. कुंकू, अक्षता, अंगठी, निरांजन, सगळं मीच मांडलं होतं. सुपारी तेवढी मुद्दाम ठेवली नव्हती. माझ्या घरात सुपारी येत नाही. आमचे मालक गेल्यापासून.

मालक गलाईचं काम करायचे. म्हणजे सोनारांचं सोनं-चांदी भट्टीत आटवायचं, शुद्ध करून द्यायचं. आमच्या सांगलीकडची गावंच्या गावं त्या धंद्यापायी देशभर पांगली, तसे आम्ही सियालदहजवळ एका खोलीत येऊन पडलो. भट्टीपुढं तोंड कोरडं पडतं म्हणून त्यांनी सुपारीची पुडी धरली. चकचकीत पुडी. मग हळूहळू तोंड उघडेना. भाकरी आत जाईना. मग चमचा जाईना. शेवटी नळीनं पेज सोडायची मी. माझ्या नावानं हाक मारायचे, ती हाकसुद्धा गेली. सरणावर ठेवलं तेव्हाही दात आवळलेलेच. काय सांगू तुम्हाला, सुपारी म्हटलं की मला ते दात दिसतात.

मी शाळा पाहिली नाही. अक्षरं शिकले ती औषधांच्या बाटल्यांवरून आणि वाण्याच्या कागदांवरून. पण खो-खो मला येतो. गावात वाऱ्यासारखी पळायचे. डमडमच्या मैदानात मी रविवारी पोरं जमवायला लागले. मंडळातल्या साहेबांची, गलाईवाल्यांची, रेल्वे लाइनीकडेची बंगाली. ती बंगाली पोरं मला दिदा म्हणतात, म्हणजे आजीच. “दिदा, खो दाओ!” ओरडत राहतात. घरात माझ्याशी कुणी फार बोलत नव्हतं. मैदानात माझा घसा बसायचा. तेवढंच माझं होतं.

मंडळानं ते पोरांचं शिबिर म्हणून आपल्याकडं घेतलं. चांगलं वाटलं मला. मग बैठकीत कळलं, शर्ट, चटया, सगळं एक कंपनी देणार. कुठली? तीच. पुडीवाली.

मी उभी राहिले. म्हटलं, “साहेब, ह्यांचा माल काय आहे ते बघितलंत का?”

सेक्रेटरीसाहेब हसले. “आजी, जाहिरात वेलचीची आहे. कायद्यात बसतं सगळं.”

“वेलचीच विकायची तर नाव तेच का? पुडी तशीच का?”

“तुम्ही लाडवांचं बघा. दुसरं कुणी पुढं येत नाही. हे गेले तर शिबिर बंद.”

शिबिर बंद म्हटल्यावर मी गिळलं. पोरांसाठी. कंपनीचा मालक पाहुणा येणार म्हणून लाडू वळले, ताट मांडलं. सुपारी मात्र माझ्या हातानं ठेववली नाही.

आणि आता ताटही गेलं. बघा कसं असतं. ज्याच्या पुडीनं माझं कुंकू पुसलं, त्याच्या कपाळाला कुंकू लावायला मी चालत नाही. का? तर मला कुंकू नाही.

तेवढ्यात पोरांना शर्ट वाटले. कपड्यांवरूनच चढवले त्यांनी. वळली, तर पाठभर त्या कंपनीचं नाव. खो देताना हात नेमका तिथंच पडतो. मी शिकवलंय ते, पाठीवर हात आणि तोंडानं खो. शर्टाबरोबर प्रत्येकाला वेलचीची पुडी. तीच चकचकीत. माझी नात तोंड भरून म्हणते, “आजी, ही खूप छान लागते! अजून एक घेते ना!”

मी ताडकन वळले. सरळ कंपनीच्या पाहुण्यांकडं गेले.

“साहब,” मी विचारलं, “आपके बच्चे खाते हैं ये?”

माणूस सभ्य होता. हात जोडून म्हणाला, “नहीं माताजी, हमारे घर में कोई पुड़िया को हाथ नहीं लगाता।” अभिमानानं म्हणाला हो.

अध्यक्षीणबाई ताट घेऊन पुढं आल्या होत्या. मी हात घातला आणि निरांजनाची वात चिमटीत धरून विझवली. बोटं भाजली. भाजू देत.

“अहो, अपशकुन!” बाई ओरडल्या.

“अपशकुन मी नाही,” मी म्हटलं. “तो पोरांच्या पाठीवर छापलाय.”

पोरांना म्हटलं, “उठा.” काही उठली. काही आयांकडं बघत बसली. माझी नात उठली नाही.

आता शिबिर चालू आहे. माझ्याशिवाय, दुसऱ्या मैदानावर. नात तिकडंच जाते. लेक म्हणतो, “आई, चारचौघांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस.” डमडमला मी जाते, तर चार पोरं लाइनीकडेची. रांग भरत नाही. रांगेशिवाय खो कुणाला द्यायचा? घरी आले की नातीला म्हणते, आ कर. तीन बोटं उभी तोंडात जातात का, मालकांसारखं तोंड आवळायला लागलं नाही ना, ते बघते. ती चिडते. हात झटकते. माझ्याशी बोलत नाही. बोटं जातात अजून. तरी रोज बघते.

पण पुढच्या बैठकीला मी जाणार. बोलावलं नाही तरी. कुणीही देणारा येवो, उभी राहून एकच विचारणार: तुझा माल तू तुझ्या पोराच्या तोंडात घालशील का? नाही म्हणाला, तर आमच्या पोरांच्या पाठीवर त्याचं नाव चढणार नाही. शिबिर बंद पडलं तर पडू दे. चौघांना घेऊन मातीत पळेन.

आणि ओवाळायची वेळ आली, तर पोरांनाच ओवाळीन. मीच. बिनसुपारीचं ताट घेऊन. ते आता माझ्या हातून कुणी काढून घ्यायचं नाही.