लेझीम आणि मूठभर गोळ्या

आमच्या मंडळाच्या गणपतीत लेझीम बसवायची ठरली आणि सगळ्यांच्या आधी मी हात वर केला. कारण एकच, त्या वर्षी माझे वडील आमच्याकडे दुबईला येणार होते. साताऱ्यात ते पीटीचे मास्तर होते. शाळेत त्यांनी मला, पोटच्या पोराला, कायम शेवटच्या रांगेत उभं केलं. "अंगात जोर नाही तुझ्या," एवढंच म्हणायचे. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला पहिली रांग हवी होती आणि ती त्यांनाच दाखवायची होती.

इथल्या करामा भागातल्या एका हॉलमध्ये सराव सुरू झाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला खुर्चीतून उठता येईना. बॉसने बोलावलं तरी मी आपला बसूनच "यल्ला, कमिंग!" शेवटी फार्मसी गाठली. व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, शिवाय ज्या ज्या बाटलीवर अँटिऑक्सिडंट लिहिलं होतं ती ती उचलली. सकाळ-संध्याकाळ मूठभर गोळ्या! बायकोही लेझमीत होती. ती काही न घेता, "आई गं" करत भिंत धरून चालायची. मी तिला हसायचो.

महिन्याभरात ती टुणटुण उड्या मारायला लागली आणि मी तिसऱ्याच मिनिटाला धापा टाकत होतो. आमची मुलगी फिजिओथेरपी शिकते. तिने बाटल्या पाहून कपाळाला हात लावला. "बाबा, यू आर म्यूटिंग युअर ओन मसल्स!" मग माझ्यावर उपकार म्हणून मराठीत सांगितलं. व्यायामाने स्नायूंवर ऑक्सिडेटिव्ह ताण येतो, त्यातूनच त्यांना मजबूत व्हायचा निरोप मिळतो. ढीगभर गोळ्या खाल्ल्या तर तो निरोपच दबू शकतो.

"आणि वय?" बायकोने विचारलं.

"तेही आहेच," कन्यारत्न म्हणालं.

गोळ्या खलास. उरलेले दोन आठवडे मी अगदी मनापासून दुखून घेतलं. पण पहिली रांग बायकोला मिळाली, मला शेवटची. असा संताप झाला म्हणता!

कार्यक्रमात मी एकदाही न थांबता, जीव तोडून खेळलो. वडिलांना दिसलो की नाही, देव जाणे. घरी येताना गाडीत त्यांचं आपलं सूनबाईंचं कौतुक चाललेलं. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

सकाळी पलंगावरून हलता येईना. वडील खोलीत आले.

"काय रे, दुखतंय?"

"फार."

"कुठं?"

"सगळीकडं."

"मग खेळलास खरा," ते म्हणाले आणि पाठीवर सणसणीत थाप मारली. मी कळवळलो. पण आणखी एक मारतील या आशेने तसाच पालथा पडून राहिलो.